अंबिलीतला जंतू

पुणे,
२ मार्च २०२४

आत्या,

नमस्कार. आधी खाली बसा आणि मग पुढचं वाचा. उभ्यानं वाचायची बातमी नाही ही!

फोनच करणार होते. पण फोनवर माझे निम्मे शब्द तुम्हाला ऐकू येत नाहीत आणि उरलेले तुम्ही तुमच्या मनानं भरता. मागच्या वेळी मी नुसती सर्दी झाली म्हणाले, तर तुम्ही बाबांना कळवलंत की पोरगी लग्नाला तयार झाली. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय, आत्याला पत्रच लिहायचं.

येळवसेला, म्हणजे त्या वेळ अमावस्येला, तुमच्या शेतात जेवून निघताना मी अंबिलीची एक बाटली भरून घेतली होती. तुम्हाला वाटलं, पोरीला चव लागली. चव लागलीच होती, पण ती बाटली मी प्यायले नाही. थेट प्रयोगशाळेत नेली. आणि आत्या, तुमच्या अंबिलीत जंतू सापडला! असा जंतू की आमचे सर खुर्चीवरून उठून उभे राहिले. सर सहसा जेवायलाही उठत नाहीत.

झालं असं की, म्हशीची कास सुजवणारा एक दांडगा जंतू आम्ही काचेच्या ताटलीवर पसरतो. नेहमीच्या औषधांना तो भीक घालत नाही. रात्रीतून ताटलीभर साय धरल्यासारखा वाढतो. त्यात मधोमध तुमच्याकडचा ठिपका ठेवला आणि सकाळी बघते तर मधे गोल कडं! स्वच्छ, काचेसारखं! मी एवढ्यांदा ओरडले की शेजारच्या खोलीतली मुलगी पाण्याची बादली घेऊन धावत आली.

आता सगळीकडे तुमच्या जंतूचीच चर्चा आहे. सर पुढच्या बैठकीत मोठ्या साहेबांना ती ताटली दाखवणार आहेत. मी 'कळंबच्या महानंदाबाईंच्या घरचा' असं ठणकावून सांगितलंय. बाकी सविस्तर नंतर लिहिते, आत्ता सर हाक मारतायत.

तुमची,
शुभांगी

*

कळंब,
१४ मार्च २०२४

चि. शुभांगी,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते जरा हात आखडता घेऊन देतेय.

तुझं पत्र मिळालं. तू सांगितलंस म्हणून बसून वाचलं, तेच बरं झालं. सगळा जन्म अंगणवाडीत गेला माझा. जेवायच्या आधी हात धुवा, नखं कापा, पाण्यावर झाकण ठेवा. दुसरं काय शिकवलं मी या गावाला? आज मिशा फुटलेले बाप्ये रस्त्यात मला बघितलं की हात पाठीमागं घेतात, नखं तपासीन म्हणून. आणि माझ्या घरच्या अंबिलीत जंतू! तोही कास सुजवणारा! आणि तू तो मोठ्या साहेबांना दाखवणार, वर माझं नाव सांगून!

येळवसेला शेतातल्या आमच्या कडब्याच्या खोपीत अख्खी वस्ती जेवून गेली. कुणाचं पोट बिघडलं नाही. दोघं तर पुन्हा भज्जी मागायला आले. आमच्या यांना, तुझ्या मामांना, पत्र वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "चवीला बरा व्हता की मग तुमचा जंतू!" या माणसाशी बोलून काही उपयोग आहे का, तूच सांग.

जे झालं ते झालं. त्या जंतूचा मी पुरता बंदोबस्त केला आहे, आता तू काळजी करू नकोस. तुझ्या बाबांच्या कानावर यातलं एक अक्षर घालू नकोस. माहेरी माझी शोभा नको. आणि तुझ्या सरांना म्हणावं, ताटली धुऊन टाका.

तुझी,
महानंदा आत्या

*

पुणे,
२५ मार्च २०२४

अहो आत्या!

हसू की तुमचे पाय धरू? चूक माझीच. बातमी इतकी अंगात आली होती की मुख्य गोष्ट लिहायचीच राहून गेली. तुमचा जंतू रोगाचा नाही. तो रोगाच्या जंतूला मारणारा आहे! कास सुजवणारा वेगळा, तो आमच्याकडचा. तुमच्याकडच्यानं त्याला मारला. ते स्वच्छ कडं म्हणजे मारलेल्यांची जागा.

गावात चोर असतात तसे राखणदारही असतात ना? दुधाचं दही करणारे जंतूच असतात आणि ते आपण पिढ्यान्‌पिढ्या जेवतो. तुमच्या अंबिलीत वरून घातलेल्या ताकातून हा आला असणार. तो एक इवलंसं प्रथिन बनवतो आणि स्वतःभोवती सोडतो. ते दुसऱ्या जंतूच्या अंगाला लागलं की त्याच्या कातडीला भोकं पडतात आणि तो मरतो. ह्याला स्वतःला काही होत नाही. आमच्यात त्या प्रथिनाला बॅक्टेरिओसिन म्हणतात. जंतू जंतूंशी फार पूर्वीपासून असे भांडत आलेत. आपली किती तरी औषधं मातीतल्या जंतूंकडूनच घेतलेली आहेत.

सरांना आधी खरं वाटेना. म्हणाले, आंबटपणानं मेले असतील, नाहीतर लसणानं. मी तुमचा जंतू एकटा वेगळा काढला, साध्या पाकात वाढवला, लसणाचा प्रश्न मिटला. मग आंबटपणा काढून टाकला. तरी कडं! उकळून बघितलं. तरी कडं! शेवटी प्रथिनं पचवणारा पाचक रस त्यात घातला आणि कडं गायब झालं. म्हणजे मारणारं ते प्रथिनच. त्या दिवशी मी जेवायचं विसरले, आत्या. माणसाचं औषध व्हायला अजून बरीच वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही. पण म्हशीच्या कासेला लावायचा लेप, दूध टिकवायची युक्ती, काहीतरी निघेल असं सरसुद्धा म्हणतायत.

आणि तुम्ही 'पुरता बंदोबस्त केला' लिहिलंत ते वाचून मला भरून आलं. विरजण जपून ठेवलंत ना? रागावलेल्या असूनही! म्हणून तर तुम्ही माझ्या आत्या. ते दह्याचं गाडगं अजिबात हलवू नका.

तुमची,
शुभांगी

*

कळंब,
६ एप्रिल २०२४

चि. शुभांगी,

पत्र पावलं. वाचून फार आनंद झाला. इकडे ऊन फार आहे. मांजरा नदीचं पाणी खाली गेलं. यंदा आंब्याला मोहोर बरा होता, पण वाऱ्यानं गळाला. मामांचा गुडघा दुखतो.

तू हुशार आहेस हे मी पहिल्यापासून म्हणत आले. तब्येतीला जप, जेवण विसरत जाऊ नकोस.

एक विचारायचं होतं. आमच्या शेजारीण एक आहेत, त्यांना शास्त्राची फार आवड. त्या विचारत होत्या की समजा एखाद्या घरचं विरजण मोडलं, गाडगं फुटलं किंवा फोडलं, आणि मग बाजारच्या पाकिटातलं दही आणून नवं विरजण लावलं, तर तो जुना जंतू आपोआप परत येतो का? हवेतून वगैरे? घाई नाही. सवडीनं कळव. त्यांना सांगते.

तुझी,
आत्या

*

पुणे,
१० नोव्हेंबर २०२४

आत्या,

इतके महिने पत्र नाही, रागावू नका. दिवाळीलाही येता आलं नाही. आज लिहितेय तेही रडून झाल्यावर.

तुमचा जंतू मुका झालाय. जिवंत आहे, वाढतोय, दूध विरजतोय, पण कडं करत नाही! गेल्या महिन्यात मी ताटली लावली आणि सकाळी सगळीकडे एकसारखी साय. मला वाटलं माझंच काही चुकलं. पुन्हा लावली. पुन्हा तेच. साठवणीतला काढून बघितला, तोही तसाच. मी साठवण करायच्या आतच त्यानं हत्यार टाकलेलं होतं.

होतं असं कधीकधी. ते प्रथिन कसं बनवायचं याची माहिती त्याच्या अंगात एका सुट्या वेटोळ्यावर असते. आमच्याकडे त्याला आयता पाक मिळतो, आजूबाजूला शत्रू नाही, भांडायला कुणी नाही. मग पिढ्या होता होता ते वेटोळं गळून जातं. लाडावलेला पैलवान जसा तालीम सोडतो तसं.

जानेवारीत संशोधन समितीपुढे मला सगळं दाखवायचंय. मुका जंतू दाखवला तर ते विषय बंद करतील आणि मला दुसरा देतील. मला दुसरा नको. हा माझा आहे, आत्या. म्हणजे तुमचा. आता एकच वाट उरली आहे, मूळ घरी जायचं. तुमच्या गाडग्यातलं दही मला हवंय. त्यात बाकीच्या जंतूंशी रोज दोन हात करत तो अजून धडधाकट असणार.

हो, तुमच्या शेजारीणबाईंचं उत्तर राहिलंच. नाही, आपोआप परत येत नाही. गेला की गेला. त्यांना सांगा, गाडगं फोडू नका.

शुभांगी

*

कळंब,
१९ नोव्हेंबर २०२४

शुभांगी,

शेजारीण कुणी नाही. मीच.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी गाडगं परसात नेऊन फोडलं. ताकाची रवी सोड्याच्या पाण्यात उकळली. अंबिलीची बिंदगी उकळली. शिंकं जाळलं. स्टीलचा डबा आणला, दुकानातून दह्याचं पाकीट आणलं आणि नवं विरजण लावलं. मामा बघत होते. म्हणाले, "आता मलाबी उकळताव का काय?" बंदोबस्त म्हणतात तो हा. मग तुझं दुसरं पत्र आलं. जंतू चांगला होता हे त्यातून कळलं. तू शाबासकी देत होतीस, ती वाचवेना. म्हणून आंबा आणि गुडघा लिहिला.

तुझं आताचं पत्र वाचून दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पोरीनं वर्ष घातलं आणि मी ते सोड्याच्या पाण्यात उकळून टाकलं.

आता नीट वाच. ते विरजण माझ्या सासूबाईंचं. त्या गेल्यावर घर एकच होतं, मी आणि माझी धाकटी जाऊ सारजाबाई. पुढं वाटण्या झाल्या तेव्हा दह्याचंही वाटप झालं. गाडगं माझ्याकडं राहिलं आणि सारजानं त्यातलं तांब्याभर दही स्वतःच्या चुलीकडं नेलं. म्हणजे तोच जंतू तिच्या घरी असायला हवा. तिच्याकडं पाकिटाचं दही आलेलं मी कधी ऐकलं नाही.

पण आमच्यात बोलणं नाही. तू लहान होतीस, तुला कुणी सांगितलं नसेल. वाटणीत म्हैस आमच्याकडं आली आणि तिची दूधपिती वगार त्यांच्याकडं गेली. पंचांनी कागदावर मोठं बरोबर केलं. पण वगार समोर असल्याशिवाय म्हैस पान्हा सोडीना आणि इकडं वगार हंबरून हंबरून वाळायला लागली. मी म्हटलं वगार इकडं द्या, सारजा म्हणाली म्हैस इकडं द्या. दोघींचंही खरं होतं, त्यामुळं कुणीच हटलं नाही. शब्दाला शब्द वाढला. मग माझी म्हैस आटली. तिची वगार मात्र जगली आणि तिची वेल वाढली. आज तिच्या दावणीला त्याच वेलीची म्हैस आहे. आमच्या खोपी एका बांधाच्या दोन बाजूंना असतात. येळवसेला अख्खी वस्ती माझ्याकडं जेवते आणि तिच्याकडंही जेवते. फक्त आम्ही दोघी एकमेकींकडं जेवत नाही.

मी तिच्या दारात जाणार नाही. दुसरं काही सांग. मूळ विरजण मुंबईत कुठं विकत मिळतं का?

महानंदा आत्या

*

पुणे,
२५ नोव्हेंबर २०२४

आत्या,

मुंबईत मिळत नाही. जगात कुठंच मिळत नाही.

मी तुमच्यावर रागावलेली नाही. शप्पथ. शिंकं जाळल्याचं वाचून तर मी खो खो हसले, मामांना उकळायचं तेवढं राहिलं! पण पुढचं वाचलं आणि ताडकन उठून बसले. दोन घरी तेच विरजण, एक मोडलं आणि एक टिकलं! आत्या, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय लिहून पाठवलंत? हा तर आयता प्रयोग आहे! सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "कळंबला मीच जाऊ का?"

मी येऊन सारजाकाकूंकडे मागू शकते. पण त्या मला ओळखतही नाहीत, आणि ओळख सांगायला गेले तर तुमचंच नाव सांगावं लागेल. ते तुम्हीच ठरवा. मी जबरदस्ती करणार नाही. फक्त समितीची बैठक जानेवारीत आहे, एवढं लक्षात ठेवा.

गेलात तर तीन बरण्या पाठवा. एकीत तुमच्या डब्यातलं दही, एकीत दुकानच्या पाकिटातलं, एकीत त्यांचं. वर फक्त आकडे घाला, एक, दोन, तीन. कुठली कुणाची ते मला मुळीच सांगू नका. मला माहीत असलं तर माझा डोळा हवं तेच बघेल. ताटली काय म्हणते ते आधी येऊ द्या.

सोबत बर्फाचा डबा पाठवतेय.

शुभांगी

*

कळंब,
४ डिसेंबर २०२४

चि. शुभांगी,

गेले. एकदाची गेले.

तीन दिवस मी त्या बर्फाच्या डब्याकडं बघत बसले होते. मामा म्हणाले, "इरजण मागाया जायाचंय, मुलगी मागाया न्हाय." आपल्याकडं विरजणाला नाही म्हणायची रीत नाही, वैऱ्यालाही नाही, हे मला ठाऊक होतं. त्याचाच आधार घेतला. फक्त दिवे लागायच्या आत जायला हवं होतं, लागल्यावर कुणी देत नाही. म्हणून ऊन कलल्याबरोबर वाटी घेतली आणि पदराखाली धरून निघाले. रस्त्यात दोघींनी विचारलं कुठं निघालात, तर मी देवळात म्हणून सांगितलं. देऊळ दुसऱ्या बाजूला आहे.

सारजा अंगणात शेळ्यांना पाला टाकत होती. मला बघून तशीच उभी राहिली. किती म्हातारी झाली गं ती. बांधापलीकडून तेवढं दिसत नाही.

"काय, अक्का? वाट चुकलात का?"

"न्हाय. हिकडं आलते." मग शेळ्यांकडं बघत विचारलं, "म्हस कशी हाय?"

"बरी हाय."

"ज्वारी बरी दिसतीया अवंदा."

"व्हय."

एक शेळी माझा पदर ओढायला लागली. मी पदर सोडवू का वाटी सांभाळू, अशी फजिती. तेव्हा सारजाच म्हणाली, "ताकाला आल्यावर भांडं कशापाय लपवायचं? वाटी दिसतीया की."

मी म्हटलं, "इरजण पायजे व्हतं."

तिनं मान वर करून उन्हाकडं बघितलं. मग माझ्या हातातली वाटी घेतली आणि आत गेली. मी अंगणातच. आत चुलीशी भांडं हलल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं वाटी माझ्या हातात दिली. काठोकाठ भरलेली होती. "उजेड हाय तवर न्या," एवढंच म्हणाली. कशाला हवं ते विचारलं नाही. माझं विरजण कधी मोडलं, कसं मोडलं, काही नाही. मी पण सांगितलं नाही. वाटेत सांडू नये म्हणून इतकी हळू चालले की घरी पोचेपर्यंत हात दुखायला लागले.

बरण्या भरल्या आहेत. आकडे घातले आहेत. मामांनी चिठ्ठ्या टाकून आकडे दिले, म्हणजे माझीही लबाडी नको. कळंब-पुणे गाडीच्या कंडक्टरला डबा दिला. तो म्हणाला, "मावशी, आवाज व्हणारं काय न्हाय ना ह्यात? फटाक्याच्या तेरखेड्यावरनं गाडी जाती, लोक काय बी चढवत्यात." मी म्हटलं, दही आहे बाबा, पण फटाक्यासारखंच जप.

आता कडं उमटू दे. कुठल्याही बरणीला उमटू दे.

तुझी,
आत्या

*

पुणे,
१६ डिसेंबर २०२४

आत्या! आत्या! आत्या!

दोन नंबर!

ताटल्या लावून घरी आले, झोप कसली लागते. उजाडल्या उजाडल्या प्रयोगशाळेत पोचले, कुलूपसुद्धा उघडलं नव्हतं. एक नंबरची ताटली बघितली, एकसारखी साय. तीन नंबर, तेच. दोन नंबर हातात घ्यायला धीर होईना. घेतली, खिडकीपाशी नेली, आणि कडं! मागच्या वेळेपेक्षा मोठं! रुपयाएवढं, गोल, लख्ख! मी ओरडलेच नाही, आत्या. सर आले तेव्हा मी नुसतं बोट दाखवलं. सर उभे राहिलेच, पण या वेळी त्यांनी चक्क टाळी वाजवली.

मग सगळं पुन्हा केलं. आंबटपणा काढून कडं. उकळून कडं. पाचक रस घातला की गायब. तोच आहे! तोच, आणि हत्यारासकट! तो ज्या दिवशी वेगळा काढला त्याच दिवशी शंभर कुप्यांत गोठवून ठेवलाय. दोन वेगवेगळ्या इमारतींत. आता तो मुका झाला तरी मी ऐकणार नाही.

सर म्हणाले, एकाच मूळ विरजणाच्या दोन शाखा, एक मोडलेली आणि एक टिकलेली, असा नमुना मिळायला नशीब लागतं. जानेवारीची आता मला भीती नाही. समितीला म्हणावं, याच!

सोबत ताटलीचा मोठा फोटो पाठवतेय. आता सांगा. दोन नंबर कुणाची?

तुमची,
शुभांगी

*

कळंब,
२३ डिसेंबर २०२४

माझ्या गुणी पोरी,

दोन नंबर सारजाची.

एक नंबर माझ्या डब्याची होती. खरं सांगू का, माझ्या मनात होतं की आपल्यातही थोडा उरला असेल. जीव आशेला लागतोच. पण तुझं पत्र वाचून मी इतकी नाचले की मामांनी दाराला कडी लावली. माझ्या पोरीचं काम वाचलं, आणखी काय पाहिजे मला!

नाचून झालं आणि फडताळात सारजाची वाटी दिसली. म्हणजे वाटी माझीच, पण विरजण तिचं होतं, आणि विरजण घेतलं की काहीतरी गोड द्यावं लागतं. वाटीत गूळ घातला, तुझा फोटो घेतला आणि गेले. या वेळी कुणी विचारलं तर सांगितलं, सारजाकडं निघालेय.

तिला फोटो दाखवला. तुझ्या दह्यानं हे केलं म्हटलं. तिनं फोटो उलटा धरला, सुलटा धरला. मी मला समजलं तसं सांगितलं, की यात औषध बनवणारा जीव आहे, माझ्या घरी होता तो मी उकळून मारला आणि तुझ्याकडं राहिला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मोठी शहाणी आहे ती, हसली नाही.

मग मी विचारलं, एवढी वर्षं ते टिकलं कसं? मधे तिची म्हैस दोन-तीनदा आटली होती, मला बांधापलीकडून दिसायचं. दूधच नाही तर विरजण कसलं? तर म्हणाली, "म्हस आटायला लागली की म्या दह्यात धुतलेलं फडकं भिजवायची आन सावलीत वाळवून ठिवायची. म्हस याली की त्योच तुकडा नव्या दुधात टाकायची. एकदा तर फडकंबी उंदरानं कुरतडलं व्हतं. व्हतं तेवढ्यावर लावलं."

मी म्हटलं, अगं, एवढा आटापिटा कशाला? चार घरं सोडून कुणाकडंही वाटीभर मागितलं असतंस.

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला ठावं व्हतं, अक्का. तुमच्या घरचं कवातरी मोडंल. मोडल्यावर तुमी दुसऱ्या कुणाकडं जायच्या न्हाईत, सासूबाईंचंच पायजे म्हनून माझ्या दारात याल. आन आल्यावर माझ्याकडंबी नसंल तर तशाच माघारी जाल. मग पुन्हा यायच्या न्हाईत. म्हनून मोडू दिलं न्हाय."

शुभांगी, मला तिथंच रडू फुटलं. तोंडाला पदर लावला तरी थांबेना. मी इतकी वर्षं त्या म्हशीचा हिशोब धरून बसले होते आणि ही रोज संध्याकाळी दूध विरजताना माझी वाट बघत होती.

तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, दुसरी टाकली, आणि दोन ताटं मांडली.

तुझी,
महानंदा आत्या